समुद्राची बाजू मांडणं हे पोटापाण्याचं काम होऊ शकतं का?

प्रश्न असा आहे: ‘ताई, मी दादरची. यंदा प्राणिशास्त्रात बीएस्सी झाले. सिल्व्हिया अर्ल यांच्या मुलाखती बघून समुद्रासाठी बोलायचं, व्हिडिओ करायचे, टीव्हीवर जायचं असं मनात घेतलंय. मुंबईत राहून हे जमेल का? डायव्हिंग शिकावंच लागेल का? यात पैसे मिळतात का? बाबा रोज विचारतात, त्यांना काय सांगू? आणि पहिला व्हिडिओ कशावर करू?’

जमेल. मुंबईत तर नक्की जमेल. पण तू ज्या क्रमानं विचार करतेयस तो क्रम बदलावा लागेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकी सागरी शास्त्रज्ञ सिल्व्हिया अर्ल यांच्यापासूनच सुरुवात करू. त्यांचा जन्म 1935 चा. आज मुलाखतीत दिसतात त्या समुद्राच्या वतीनं जगाशी बोलणाऱ्या बाई. पण त्यांची पीएचडी, 1966 साली ड्यूक विद्यापीठातली, होती मेक्सिकोच्या आखातातल्या शेवाळांवर. वर्षानुवर्षं त्यांनी शेवाळाचे नमुने गोळा केले, ओळखले, वाळवून कागदावर चिकटवले. 1970 मध्ये टेकटाइट मोहिमेत पाच स्त्रिया दोन आठवडे समुद्राखालच्या घरात राहिल्या, त्या तुकडीचं नेतृत्व अर्ल यांच्याकडे होतं. तिथून त्या पहिल्यांदा वर्तमानपत्रांत झळकल्या. पत्रकार केस वाळवायचं यंत्र आणि लिपस्टिक यांच्यावर प्रश्न विचारत होते आणि त्या मासे-वनस्पतींवर बोलत होत्या. 1979 मध्ये हवाईजवळ विशेष पोशाख घालून त्या 381 मीटर खोल समुद्रतळावर चालल्या. 1990 मध्ये अमेरिकेच्या समुद्र आणि वातावरण विभागाच्या, म्हणजे नोआच्या, मुख्य शास्त्रज्ञ झाल्या. ते पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. समुद्र वाचवण्यासाठी त्यांनी काढलेली मिशन ब्लू ही संस्था 2009 ची. म्हणजे कॅमेरा समोर आला तेव्हा त्यांच्याकडे सांगण्यासारखं आधीपासून साठलेलं होतं. लोक त्यांचं ऐकतात ते त्यामुळे. बोलण्याची कला आहेच, पण ती शेवटी येते.

तुझं ‘शेवाळ’ कुठलं असेल ते आधी ठरव. माझं उत्तर सोपं आहे: एक किनारा निवड. सगळी मुंबई नको, 720 किलोमीटरचा सगळा महाराष्ट्राचा किनारा तर नकोच. तू दादरची आहेस, तर वरळी, हाजी अली किंवा वांद्र्याचा बँडस्टँड, कार्टर रोड यांपैकी खडकाळ किनाऱ्याचा एक तुकडा तुझा. वाळूच्या किनाऱ्यावरही जीव आहेत, पण ते लपून असतात. खडकाळ किनारा नवख्या माणसाला लवकर बोलता करतो. त्या तुकड्यावर सगळ्या ऋतूंत जा. वर्षभर तिथे गेल्याशिवाय त्याच्यावर कॅमेऱ्यासमोर अधिकारानं बोलू नकोस.

कधी जायचं हे मोबाइलमधलं भरती-ओहोटीचं अॅप सांगेल. पण कोकणातला जुना हिशोब शिकून घे, कारण त्यानं समुद्र डोक्यात बसतो. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. येईल ती साधारण भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, म्हणजे बारा-सव्वाबाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे भरती, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. मिनिटाचा काटा यात बसत नाही, तासाचा बसतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचं उधाण असतं तेव्हा पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खालीही उतरतं. मधल्या भांगाच्या दिवसांत ना धड भरती ना धड ओहोटी. आपल्याला हवी ती उधाणातली ओहोटी. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, तर सकाळी साडेसात-आठला खडक उघडे पडलेले, उन्हाचा तडाखा नाही. मी नवख्यांना नेहमी अशाच दिवशी नेते.

तिथे काय दिसेल? पाणी उतरल्यावर खडकांच्या खळग्यांत जे साचून राहतं तिथे बस. चालू नकोस, बस. पहिली काही मिनिटं फक्त चिखल आणि प्लास्टिकची पिशवी दिसते. मग एक शंख चालायला लागतो आणि कळतं की आत गोगलगाय नाही, खेकडा राहतोय. खडकाला चिकटलेला एक करडा-हिरवा, लोळागोळा ठिपका असतो. पाण्याखाली तोच उमलतो आणि समुद्रफूल होतो. नखाएवढी सागरी गोगलगाय असते, पाठीवर पिसाऱ्यासारखे कल्ले. शिंपले, कालवं, खडकावर सिमेंटसारखे बसलेले बार्नेकल, म्हणजे कवचातले बारीक जीव. आणि प्रवाळ. हो, मुंबईत. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळाच्या वसाहती आहेत हे बहुतेक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं ते 2020 मध्ये, किनारा रस्त्याच्या, म्हणजे कोस्टल रोडच्या, कामासाठी त्यातल्या काही उचलून दुसरीकडे हलवल्या तेव्हा. प्रवाळ हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे तिथेच. ही एक ओळ मी शाळांमध्ये सांगते तेव्हा मुलं हमखास गप्प होऊन ऐकायला लागतात.

दिसलेलं टिपून ठेव: तारीख, तिथी, जागा, फोटो, आणि ओळख पटली नसेल तर तसं स्पष्ट. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलंस की जाणकार ओळख पटवायला मदत करतात. मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमानं 2017 पासून नेमकं हेच केलं. सामान्य माणसांना किनाऱ्यावर नेलं, दाखवलं, नोंदी जमवल्या. त्यांच्या फेरीला जा. दगड उलटलास तर परत होता तसा ठेव, काही उचलून घरी आणू नकोस, निसरड्या खडकावर एकटी जाऊ नकोस, आणि पाणी चढायला लागलं की चांगला फोटो मिळत असला तरी माघारी फिर.

आता दुसरा अर्धा भाग, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. किनाऱ्यावर माणसं राहतात.

समुद्रासाठी बोलणाऱ्यांच्या व्हिडिओंत कोळी बहुतेक वेळा मागे दिसतो: रंगीत होडी, लुगडं, टोपली, आणि पुढे निवेदक बोलतोय. हे मला फार खुपतं. मुंबईच्या समुद्राचं ज्ञान ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या साठलंय, त्यांनाच पडद्यासारखं वापरायचं आणि मग समुद्र कसा वाचवावा हे त्यांनाच सांगायचं. वर्सोवा, वरळी, कुलाबा, माहीम, मढ, खारदांडा, सगळीकडे कोळीवाडे आहेत. जिथे जाशील तिथे आधी ऐकायला जा. सकाळी मासळीचा लिलाव बघायचा असेल तर ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला पहाटे पोच. पायात गमबूट घाल, वाटेत उभी राहू नकोस, विचारल्याशिवाय फोन वर करू नकोस. तिथे प्रत्येक मिनिटाला पैसे असतात.

डोल जाळं कसं चालतं ते एखाद्या तांडेलाकडून, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाकडून, समजून घे. ते पिशवीसारखं जाळं समुद्रात एका जागी बांधलेलं असतं, तोंड प्रवाहाकडे. मासा हाकलत आणायचा नाही. भरती-ओहोटीचा ओघ बोंबील, करंदी, जवळा आत आणून सोडतो. म्हणून उधाणात ओघ जोरात असतो तेव्हा डोल भरते आणि भांगात कमी होते. तिथीचा जो हिशोब तू खडकांसाठी शिकलीस त्याच हिशोबावर एका घराची चूल चालते. हे एकदा कळलं की ‘मच्छीमार समुद्र रिकामा करतायत’ असं सरसकट वाक्य तुझ्या तोंडून निघणार नाही. कोण, कुठल्या जाळ्यानं, किती आसाचं (जाळ्याचं भोक केवढं), किती अंतरावर, कुठल्या महिन्यात, हे विचारशील. पर्ससीन (माशांचा अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं) आणि मासे ओढून घेणाऱ्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध सर्वांत जोरात कोण ओरडतं? पारंपरिक मच्छीमारच. केंद्रानं 2017 मध्ये एलईडीवर बंदी आणली, तरी दिवे पेटतात म्हणून तक्रारी करणारेही तेच.

वरळीचं उदाहरण तपशिलात सांगते, कारण आपल्या कामाचं मला सापडलेलं सर्वांत चांगलं उदाहरण ते आहे. किनारा रस्ता वरळीला सागरी सेतूला जोडायचा होता. त्या जोडपुलाचे खांब वरळी कोळीवाड्यातल्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर पडतात त्याच वाटेवर येणार होते. दोन खांबांमधलं अंतर आराखड्यात होतं 60 मीटर. कागदावर बघणाऱ्याला वाटतं, होडी ती केवढी, तिला 60 मीटर म्हणजे हमरस्ताच की. कोळी सांगत होते की होडी रस्त्यावरच्या गाडीसारखी रेघेत चालत नाही. खाली खडक आहेत, प्रवाह तिरका येतो, वारा सुटला की होडी बाजूला फेकली जाते, आणि खांबांपाशी पाणी आणखी खवळतं. एक होडी आत येतेय आणि एक बाहेर पडतेय असं असेल तर? त्यांनी काम अडवलं, बैठका केल्या, निवेदनं दिली. शेवटी 2022 च्या डिसेंबरमध्ये मधला एक खांब गाळून ते अंतर 120 मीटर करायचं पालिकेनं मान्य केलं.

यात आपलं काम कुठे होतं? ‘कोळ्यांनी विकास अडवला’ अशी बातमी आणि ‘साठ मीटर का पुरत नाही’ हे समजावणारी बातमी, यांच्यात. दुसरी बातमी करायला होडीतून त्या वाटेनं जावं लागतं, थोडं वारं असताना जावं लागतं, आणि तांडेल सुकाणूवर काय करतोय ते दाखवावं लागतं. तीन मिनिटांत माणसाला पटतं. समुद्राची बाजू मांडणं म्हणजे बहुतेक वेळा असंच काहीतरी असतं: एक आकडा घ्यायचा आणि तो पाण्यावर नेऊन दाखवायचा.

पुढचा मुद्दा किनारा सफाईचा, कारण तू सुरुवात बहुधा तिथूनच करशील. सगळेच करतात. सफाई चांगली आहे आणि ती जरूर कर. वर्सोव्याला वकील अफरोज शाह यांनी 2015 च्या ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली, आठवड्यामागून आठवडे लोक येत राहिले, आणि 2016 मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ सन्मान मिळाला. एका माणसाच्या चिकाटीनं शहराचं लक्ष किनाऱ्याकडे वळलं, ही लहान गोष्ट नाही. पण सफाई कॅमेऱ्याला फार सोयीची असते, हे ओळखून राहा. आधी घाण, नंतर वाळू, मध्ये हसरे चेहरे. कंपन्यांनाही तेच आवडतं, टी-शर्टवर नाव छापता येतं. त्यामुळे निधी तिकडे वाहतो, आणि जे कॅमेऱ्यात मावत नाही ते मागे राहतं.

मुंबईच्या समुद्राचा सर्वांत मोठा न दिसणारा प्रश्न म्हणजे सांडपाणी. तू दादरला फ्लश ओढलास की ते पाणी कुठे जातं, हे शोधायला लाग. शहराचं बरंचसं मैलापाणी वर्षानुवर्षं जुजबी प्रक्रिया होऊन समुद्रात आणि खाड्यांत जात आलंय. वरळी आणि वांद्रे इथे तर समुद्राखालून तीन किलोमीटरहून लांब बोगदे आहेत, त्यांतून ते बाहेर सोडलं जातं. शिवाय गटारांना न जोडलेल्या वस्त्यांचं पाणी नाल्यांतून थेट येतं. आता वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा अशा सात ठिकाणी नवी प्रक्रिया केंद्रं उभी राहतायत, सगळी मिळून रोज 2,464 दशलक्ष लिटर क्षमतेची. हजारो कोटींचं हे काम शहराच्या समुद्राचं पुढच्या पन्नास वर्षांचं भवितव्य ठरवणार आहे. त्यावर मराठीत डोळ्यांत भरेल असं किती काम झालंय? माझ्या बघण्यात अगदी थोडं.

हे दाखवता येतं. आंघोळीयोग्य समुद्राच्या पाण्यात मलजन्य जिवाणूंचं मानक 100 मिलिलिटरमागे 100 आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ किनाऱ्यांवरच्या पाण्याची तपासणी करतं आणि आकडे जाहीर करतं. तुझ्या किनाऱ्याचा आकडा काढ, मानकाशेजारी ठेव, आणि त्याच पाण्यात उभं राहून सांग. जे जाहीर नसेल ते माहितीच्या अधिकारात माग. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. चिकाटीनं अर्ज करणारी आणि आलेलं उत्तर लोकांना कळेल अशा भाषेत सांगणारी एक मुलगी एखाद्या वॉर्ड ऑफिसला जेवढं हलवू शकते, तेवढं लाखभर फॉलोअरवाल्याला जमतंच असं नाही.

मग येतात अचानकच्या घटना, ज्यांतून माध्यमं तुला ओळखायला लागतील. 2013 च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या अनेकांच्या पायांना पाकटाचे, म्हणजे शेपटीवर विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचे, काटे लागले आणि शहरभर घबराट पसरली. 2016 च्या जानेवारीत जुहूला मेलेला ब्राइड्स देवमासा वाहून आला आणि सेल्फीसाठी गर्दी लोटली. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर निळे जेलीसारखे जीव, ब्लू बॉटल, किनाऱ्यावर येतात आणि दरवर्षी ती नवी बातमी होते. अशा वेळी वाहिनीवाल्याला दहा मिनिटांत माणूस हवा असतो. तू तोवर तयार असलीस तर फोन तुला येईल.

तेव्हा काय सांगायचं हे आधी ठरवून ठेव. पाकट हल्ला करत नाही. उथळ वाळूत पडून असतो, पाय पडला की शेपटी मारतो. म्हणून पाय उचलून टाकायचा नाही, वाळूत घासत चालायचं, म्हणजे तो आधीच सरकतो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि डॉक्टर गाठायचा. खोल रुतलेला काटा स्वतः उपसायचा नाही. किनाऱ्यावर कासव, डॉल्फिन किंवा देवमासा दिसला, जिवंत वा मेलेला, तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक. जिवंत प्राण्याला पुन्हा पाण्यात ढकलायचं नाही, गर्दी मागे सारायची. हे सगळं वीस सेकंदांत सांगता आलं पाहिजे. वाहिनीवर त्याहून जास्त वेळ मिळत नाही.

आणि खोटी गोड बातमी अडवायला शीक. टाळेबंदीत, 2020 मध्ये, ‘मुंबईत डॉल्फिन परतले’ असे व्हिडिओ घरोघरी फिरले. हम्पबॅक डॉल्फिन मुंबईच्या किनाऱ्याजवळ कायमचे राहणारे आहेत, मच्छीमारांना ते नेहमी दिसतात. त्या दिवसांत आपण घरात बसून खिडकीतून बघत होतो, एवढाच फरक. ‘परतले’ म्हटलं की आपण थोडे दिवस गप्प बसलो तर समुद्र आपोआप सुधारतो असं लोकांच्या मनात बसतं, आणि सांडपाण्याचा प्रश्न आणखी मागे जातो. आनंदाची बातमी दुरुस्त केली की लोक नाराज होतात, टोमणे मारतात. बाईनं केली तर जास्तच मारतात. तरीही करायची. तुझ्याकडे विकण्यासारखी एकच गोष्ट आहे, तू सांगितलेलं खरं निघतं ही.

पैशांचं बोलू. समुद्रासाठी बोलणं या एकाच गोष्टीवर पोट भरणारी माणसं फार कमी, आणि त्यातली बरीच आधी दुसरं काहीतरी होती: शास्त्रज्ञ, वकील, छायाचित्रकार, पत्रकार. पहिली काही वर्षं नोकरी धर. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेचं मुंबई केंद्र, बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी), कांदळवन प्रतिष्ठान यांच्याकडे प्रकल्पांवर माणसं लागतात. क्षेत्र सहायक, प्रकल्प सहायक, निसर्ग शिक्षण. पगार फार नसतो आणि कंत्राट संपतं, पण शिकायला मिळतं ते पुस्तकात नाही. पुढे शिकायचं असेल तर एमएस्सी किंवा मत्स्यशास्त्राची पदव्युत्तर पदवी. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था लक्षात ठेव. लिहिता येत असेल तर पर्यावरण संस्थांना संपर्काचं काम करणारी माणसं कायम हवी असतात, आणि मराठी-इंग्रजी दोन्ही नीट येणारी सापडत नाहीत.

व्हिडिओंचे पैसे उशिरा येतात आणि बेभरवशाचे असतात. शाळा-कॉलेजांतली सत्रं, किनारा फेऱ्या, कार्यशाळा, लेखांचं मानधन असं सगळं मिळून महिना भागतो. पुढे कंपन्या येतील. कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत याची यादी आजच, खिसा रिकामा असताना, कागदावर लिहून काढ. ज्या प्रकल्पावर तुला उद्या बोलावं लागेल त्याच्या ठेकेदाराकडून किंवा सल्लागाराकडून घ्यायचे नाहीत. पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्याकडून सफाईसाठी घ्यायचे की नाही, यावर आपल्यातच मतभेद आहेत. मी घेत नाही. आणि ज्यांच्याकडून घेशील ते व्हिडिओत स्पष्ट सांग.

डायव्हिंग आवश्यक नाही. मुंबईचं पाणी गढूळ. इथे बुडी मारून हाताचं बोट दिसणं कठीण. हौस असेल आणि पैसे साठले तर तारकर्लीला शीक. पण निळ्याशार पाण्यातला व्हिडिओ अंदमानचा असतो, आणि तुझं काम मातकट पाण्याबद्दल लोकांना आस्था वाटायला लावणं हे आहे. कॅमेराही सध्या फोनचाच पुरे. पैसे खर्च करायचेच असतील तर बाहेरच्या माइकवर कर, वाऱ्याचा आवाज अडवणारा केसाळ टोप लावून. किनाऱ्यावर चित्र कधी बिघडत नाही, आवाज बिघडतो.

मराठीत कर. इंग्रजीत हे सांगणारे बरेच आहेत. मुडदुशी, मांदेली, तिसऱ्या, चिंबोरी, शेवंड, माकुल ही नावं ज्यांच्या स्वयंपाकघरात रोज उच्चारली जातात, त्यांच्यापर्यंत समुद्राची गोष्ट त्यांच्या शब्दांत पोचलेली नाही. आकाशवाणी, मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, महिला मंडळं, गणेशोत्सवातली व्याख्यानं, हे सगळं माध्यमच आहे. गणेश मंडळाच्या मांडवात प्रश्न विचारायला उभी राहणारी आजी ही इन्स्टाग्रामवरच्या बघणाऱ्यापेक्षा जास्त काळ लक्षात ठेवते.

शिवाय मच्छीमारांच्या फोनकडे लक्ष ठेव. डिसेंबर 2018 पासून राज्यात योजना आहे: जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर फाटलेल्या जाळ्याची 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. त्यामुळे समुद्रात, होडीच्या काठावरून, प्राणी सोडतानाची चित्रं आता खलाशीच काढतात. तुला-मला तिथे कधीच पोचता येणार नाही. ती दाखवायची असतील तर परवानगी घे, काढणाऱ्याचं नाव त्याला चालत असेल तर मोठ्या अक्षरांत टाक, आणि निवेदन त्यालाच करू दे.

बाबांना हे सांग: ‘मी नोकरी करणार आहे, आणि तिच्याबरोबर हे करणार आहे. तीन वर्षांनी आपण बसून हिशोब बघू.’ वडिलांची काळजी रास्त आहे, तिला उत्साहानं उत्तर देता येत नाही, हिशोबानंच देता येतं. एकदा त्यांना पहाटेच्या ओहोटीला घेऊन जा, जमलं तर.

राहिला पहिला व्हिडिओ. पापलेटवर कर. 2023 मध्ये सरकारनं पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. पापलेटचं आहे 135 मिलिमीटर. एक साधी शाळेची पट्टी घे आणि दादरच्या मासळी बाजारात जा. आधी एका कोळणीशी बोल, तिची गर्दी ओसरल्यावर, आणि तिच्याकडचेच मासे विकत घे. छोटं पापलेट कुठून येतं, ते कोण मागतं, हॉटेलवाले ताटात मावेल असाच तुकडा का मागतात, मोठं पापलेट पूर्वीच्या तुलनेत किती वेळा येतं, हे तिला विचार. तिला दोषी ठरवणारा एकही प्रश्न नको; तो मासा तिनं पकडलेला नाही. मग पट्टी माशाशेजारी ठेव आणि 135 वर बोट ठेवून दाखव. अंडी घालायच्या आधीच मासा ताटात आला तर पुढच्या वर्षी काय येणार, हे एका वाक्यात सांग आणि थांब. नव्वद सेकंद पुरे. टाकण्याआधी तो व्हिडिओ त्या कोळणीला दाखव, ती म्हणेल ते बदल, आणि मग मलाही पाठव.